डोळ्यांतले पाणी आणि वाफसा



गेल्या वर्षी कार्तिकीच्या तोंडावर गुडघ्याने दगा दिला आणि पंढरीला जाणे राहिले. डॉक्टरांनी बजावले, प्रवास नको आणि फार वेळ उभे राहणे तर नकोच. ज्याने चाळीस वर्षे दोन-दोन तास उभे राहून कीर्तन केले आणि ज्याचा देवसुद्धा विटेवर उभाच आहे, त्याला हा सल्ला! पण वय झाले की ऐकावे लागते. एकादशीच्या दिवशी इथे छत्रपती संभाजीनगरात, घरातल्या खुर्चीत, मी तोंड पाडून बसलो होतो. सातवीतल्या नातीने ते पाहिले. "आबा, पंढरपूर घरीच दाखवते तुम्हाला," असे म्हणून तिने टीव्हीवर एक चित्रपट लावला. त्याचे नाव 'एलिझाबेथ एकादशी'.

नाव ऐकून मी कपाळाला आठ्या घातल्या. एकादशीच्या मागे ही कोण विलायती बाई? पण पाच मिनिटांत महाद्वाराची गर्दी, बुक्क्याची दुकाने, चंद्रभागेचे वाळवंट दिसू लागले आणि मी खुर्ची पुढे ओढली. परेश मोकाशी यांनी २०१४ साली केलेला हा चित्रपट. कथा मधुगंधा कुलकर्णी यांची. पंढरपुरातले एक गरीब घर. वडील वारलेले. आई स्वेटर विणून घर चालवते, आणि कर्ज थकल्यामुळे तिचे विणायचे यंत्रच हातचे गेलेले. मुलाचे नाव ज्ञानेश, बहीण मुक्ता. वडिलांची आठवण म्हणून एक सायकल उरलेली. तिचेच नाव एलिझाबेथ. पैशांसाठी ती सायकल विकायची वेळ येते, तेव्हा ही एवढीएवढी पोरे कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. त्या चित्रपटाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मला नंतर नातीने सांगितले. तो संपला तेव्हा माझे उपरणे ओले झाले होते.

नात माझ्याकडे बघत होती. तिने विचारले, "आबा, तुम्ही दर वर्षी माझ्यासाठी पंढरपूरहून बांगड्या आणता. त्या घेताना भाव करता?"

"करतो की," मी म्हणालो. आणि थोड्या अभिमानानेच पुढे म्हणालो, "चाळीस सांगितले तर पंचवीसला आणतो."

ती काही बोलली नाही. टीव्ही बंद करून आत गेली.

तिच्या त्या गप्प बसण्यापायी हा लेख लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्याच वयाचे एक कीर्तनकार भेटायला आले. त्यांना मी भोळेपणाने सारे सांगितले. ते हसले. म्हणाले, "महाराज, जन्मभर लोकांना कीर्तनात रडवले आणि आता आपण पडद्यापुढे रडता? तो सगळा खोटा खेळ. नट पैसे घेऊन रडतात."

मी म्हणालो, "आपणही नारळाबरोबर पाकीट घेतच होतो, महाराज."

ते पुन्हा हसले, चहा घेऊन गेले. पण त्यांची शंका काही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पडद्यावर कोणी कोणाला घास दिला आणि तो पाहून माझे डोळे भरले, तर त्या पाण्याची किंमत काय? ते पुण्य की नुसती करमणूक? आणि नीट पाहिले तर हा प्रश्न चित्रपटापुरता राहत नाही. कीर्तनात सुदाम्याचे पोहे ऐकून जो रडतो आणि घरी जाऊन धाकट्या भावाच्या वाटणीचा बांध कोरतो, त्याच्या अश्रूंची किंमत तरी काय? मी हा प्रश्न चाळीस वर्षे टाळला, कारण माझी भाकरी त्याच अश्रूंवर होती.

आमच्या लहानपणी सिनेमाला जाणे म्हणजे मुलगा हाताबाहेर गेला असे समजत. पुढे आळंदीला शिकायला होतो तेव्हा तर सिनेमाचे नाव काढायची सोय नव्हती. पण त्याही आधी, मी नऊ-दहा वर्षांचा असताना, नाथषष्ठीला पैठणला तंबूतला सिनेमा पाहिला होता, आणि तो पाहायला मला खुद्द आजीने नेले होते. कारण चित्रपट होता 'संत तुकाराम'. आजीच्या हिशेबी तो सिनेमा नव्हताच. तिने तंबूच्या दाराशी वहाणा काढल्या, पडद्याला हात जोडले आणि मग खाली बसली. मध्ये दोरी बांधलेली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मी लहान म्हणून बायकांत.

पुण्याच्या प्रभात कंपनीने हा चित्रपट १९३६ साली काढला. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून जास्त चालला आणि पुढल्या साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांची गोष्ट सांगायला एक हिंदू आणि एक मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि त्या काळी कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. हे गृहस्थ पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करीत. लोक पुढे त्यांनाच तुकोबा मानून त्यांच्या पाया पडू लागले. आमच्या गावात एका घरी देव्हाऱ्यात तुकोबांची म्हणून जी तसबीर होती ती पागनीसांची होती, हे मला फार उशिरा कळले.

यात माझीही एक फजिती आहे. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक पद रचले. ते इतके गाथेच्या वळणाचे उतरले की लोक तुकोबांचाच अभंग म्हणून ते गाऊ लागले. मीही गायलो. एकदा नाही, कित्येक वर्षे, तेही 'तुका म्हणे'च्या थाटात हात वर करून. एका गावी कीर्तन संपल्यावर एक वृद्ध टाळकरी हळूच जवळ आले आणि म्हणाले, "महाराज, तो गाथ्यात कुठे आला, तेवढे पान दाखवा." रात्रभर गाथा चाळला. नव्हता. सकाळी त्यांचे पाय धरले. तेव्हा पासून प्रमाण घेताना मी गाथ्याचे पान तपासून घेतो.

पण त्या तंबूत मला खरे काय मिळाले, ते सांगायचे आहे. चित्रपटातली जिजाई गौरी नावाच्या अभिनेत्रीने केली आहे. तोंडाने फटकळ, हाताने राबणारी, म्हशीवर जीव टाकणारी, पोरांच्या पोटाची चिंता डोक्यावर घेऊन फिरणारी. देवावर चिडते आणि नवऱ्याला उपाशीही राहू देत नाही. ती तडकली की दोरीपलीकडचे पुरुष खदखदून हसत. माझ्या बाजूच्या बायका हसत नव्हत्या. आजीने पदराचे टोक दातात धरलेले होते. मला वाटले तिला कळले नाही, म्हणून मी तिला सांगू लागलो की हा विनोद आहे. तिने माझ्या मांडीवर चापट मारली.

पुढे मी कीर्तनकार झालो आणि बाकीच्यांप्रमाणेच वीस वर्षे आवलीच्या नावावर हशे घेतले. तिचे ओरडणे, तिचे देवाला बोल लावणे, सारे नक्कल करून दाखवायचो. मंडप गडगडायचा. ज्या बाईने डोंगर चढून नवऱ्याला भाकरी पोहोचवली, ती आमच्या हातात एक हुकमी विनोद होऊन राहिली. चित्रपटवाल्यांनी मात्र तिला न्याय दिला. तिच्या रागाच्या पोटात असलेली माया त्यांनी उघडी करून दाखवली. माझी पत्नी गेली त्या वर्षी मला आजीची ती चापट आठवली आणि मी आवलीवरचे विनोद सोडले. म्हणजे दहा वर्षांच्या वयात डोळ्यांनी पाहिलेले मनापर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागली. तेव्हा चित्रपट पाहून लगेच काय फरक पडला, असा हिशेब मागणाऱ्यांनी थोडा धीर धरावा, असे मला वाटते.

मात्र याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त बोचते.

आम्ही पैठणच्या परिसरातली माणसे. नाथ महाराज आमच्या घरातले. गोदावरीच्या तापल्या वाळूत एक पोर रडत बसले आहे, तेव्हाच्या समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या घरातले. नाथांनी त्याला उचलले, नाक पुसले, कडेवर घेऊन त्याच्या आईच्या दारात नेऊन दिले. रामेश्वरासाठी नेत असलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. श्राद्धाचे अन्न भुकेल्यांना आधी वाढले. या कथा आमच्या अंगात दुधाबरोबर आल्या आहेत. प्रभातनेच १९३५ साली नाथांवर चित्रपट काढला होता. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे आणि नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. जन्मभर शालू नेसून रंगभूमी गाजवलेला तो कलावंत पडद्यावर पहिल्यांदा आला तो उपरणे घेऊन. चित्रपटाचे नाव आधी 'महात्मा' ठेवले होते. इंग्रज सरकारच्या परीक्षण मंडळाला त्यात गांधीजी दिसले, आणि नाव 'धर्मात्मा' करावे लागले. अस्पृश्याच्या घरी जेवायला जाणारे नाथ पडद्यावर पाहणे त्या दिवसांत सोपे नव्हते. चित्रपट म्हणावा तसा चालला नाही. मी तो पुष्कळ वर्षांनी पाहिला आणि नाथ त्या घरी पानावर बसतात तिथे मला पुढचे नीट दिसेना.

आता जे सांगतो ते आजवर घरीही सांगितलेले नाही.

साल १९८०च्या आसपास. गंगापूरकडच्या एका गावी सप्ताह होता, काल्याचे कीर्तन माझे. चैत्राचे ऊन. त्या दिवशी वाळूतल्या पोराचा दृष्टांत असा रंगला की काय सांगावे. मृदंगाचार्य स्वतः डोळे पुसत होते. पुरुष हमसून रडले. माझाही कंठ दाटला. तो मुद्दाम दाटवलेला नव्हता, खरा होता. मग काला झाला, हार झाले, पाया पडणे झाले आणि यजमानांनी मला पुढच्या गावी पोहोचवायला जीप दिली. मागच्या बाकावर नारळ, शेला आणि शिध्याची पिशवी. जागा होती.

गाव सोडून दोन कोस गेलो असू. रस्त्याच्या कडेने एक बाई चालली होती. डोक्यावर गाठोडे, कडेवर एक पोर, दुसरे हाताशी. तिने हात केला. चालकाने गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडे पाहिले. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "महाराजांना उशीर होतोय, चल." मी काही बोललो नाही. तिची जात कोणी विचारली नाही. विचारण्याची गरज नव्हती, गाडीतल्या सगळ्यांनी ती वेशावरून ठरवून टाकली होती. गाडीने वेग घेतला. मी मागे वळून पाहिले नाही, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते, पण पाहिले. हाताशी असलेले पोर अनवाणी होते आणि तापल्या डांबरावर एक पाय उचलून दुसरा टेकवीत होते.

माझ्या गळ्यातला हार तेव्हा सुकलाही नव्हता.

शास्त्रकारांनी या रडण्याचा विचार फार खोल केला आहे. नाट्यातले दुःख पाहून माणसाला सुख कसे होते, हा त्यांचा प्रश्न. भट्टनायक आणि अभिनवगुप्त म्हणतात, रंगमंचावरचे दुःख माझेही नसते, शेजाऱ्याचेही नसते, शत्रूचेही नसते. ते सर्वांचे होऊन जाते. त्याला त्यांनी साधारणीकरण असे नाव दिले. दुःख कोणाचेच उरले नाही की आपला 'मी' घटकाभर बाजूला सरकतो आणि आत जो मुळातला मऊपणा आहे तो वर येतो. मला हे पटते. नातीबरोबर तो चित्रपट पाहताना मी कीर्तनकार नव्हतो, सत्तरी उलटलेला म्हातारा नव्हतो, गुडघाही दुखत नव्हता. ज्ञानेशची सायकल राहावी, एवढेच मला हवे होते. दुसऱ्याच्या पोरासाठी असे निखळ काही वाटणे, त्यात मला काही मिळणार नसताना, ही काही लहान गोष्ट नाही. माउलींनी देवाजवळ अखेरीस मागितले तेही हेच की भूतमात्रांची एकमेकांशी मैत्री व्हावी. त्या मैत्रीची चव काळोखात बसून अर्धा तास का होईना मिळते. तिला खोटी कशी म्हणू?

पण तेच दुःख कोणाचेच नसते म्हणून त्याची परतफेडही कोणाला करावी लागत नाही. पडद्यावरच्या पोराला गाडीत जागा द्यायची नसते. त्याला वास येत नाही, ते आपल्या शेल्यावर पाय ठेवत नाही. आपण रडतो आणि रडलो म्हणजे आपण चांगले आहोत असे वाटून मन समाधान पावते. जीपमध्ये माझे नेमके हेच झाले होते. त्या दिवसापुरती दया मी कीर्तनात खर्चून आलो होतो. मन म्हणत होते, तुझे झाले.

आमचे घर शेतीचे, म्हणून मला हे वाफशाच्या भाषेत कळते. काळ्या रानात पाऊस पडल्या पडल्या औत घालता येत नाही, नुसता चिखल होतो. उघडीप मिळाली, वरचे पाणी जिरले, माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि सोडली तर भुगा व्हावा, अशी अवस्था आली की शेतकरी म्हणतो, वाफसा आला. मग तो जेवायला थांबत नाही. कारण वाफसा थोडाच वेळ राहतो. ऊन तापले की तेच रान दगडासारखे होते, भेगा पडतात, आणि मग पाऊस किती चांगला झाला होता हे सांगत बसून उपयोग नसतो. कीर्तन किंवा चित्रपट यांनी डोळ्यांत आणलेले पाणी म्हणजे पाऊस. त्याला नावे ठेवू नयेत. मराठवाड्यातल्या माणसाने तर मुळीच ठेवू नयेत. पण मंडपातून किंवा चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावरचा तास-दोन तास हा वाफसा, आणि त्या दिवशी माझा वाफसा बरोबर त्या दोन कोसांवर आला होता.

काही चांगल्या चित्रपटांच्या मागे कोणाची तरी केलेली पेरणी असते. 'दो आँखें बारह हाथ' पुष्कळांनी पाहिला असेल. शांतारामबापूंनी १९५७ साली काढला. एक तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना मोकळ्या रानात नेऊन शेती करायला लावतो, त्यांच्यावर विश्वास टाकतो. कथा ग. दि. माडगूळकरांची. पण ही गोष्ट कल्पनेतून आलेली नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली खरोखर तशी वसाहत सुरू झाली, तिचे नाव स्वतंत्रपूर. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी तो प्रयोग मांडला. भिंती नाहीत, साखळदंड नाहीत, कैदी बायकापोरांसह राहतात. पुढे त्या प्रयोगाचा चित्रपट झाला आणि बर्लिनला त्याला रुपेरी अस्वलाचा पुरस्कार मिळाला. पण अठरा वर्षे आधी, कोणी टाळ्या वाजवायला नसताना, कोणीतरी पहिल्या कैद्याच्या हाती कुऱ्हाड देऊन त्याच्याकडे पाठ केलीच असेल. त्या पाठीचा मी पुष्कळदा विचार करतो.

शांतारामबापूंचाच त्याआधीचा, १९४१चा 'शेजारी'. दोन जिवलग म्हातारे, एक हिंदू आणि एक मुसलमान. गावात धरण यायचे असते, त्यापायी एक लबाड माणूस दोघांत बिब्बा घालतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे एकमेकांचा हात धरून जातात. मराठीत जिवबा केशवराव दात्यांनी केला, मिर्झा गजानन जागीरदारांनी. हिंदीत तो 'पडोसी' झाला. तिथे मिर्झा जागीरदारच राहिले आणि हिंदू ठाकूर मज़हर ख़ान यांनी रंगवला. म्हणजे हिंदूने मुसलमान व्हायचे आणि मुसलमानाने हिंदू. आमच्या शहरात हा चित्रपट दर वर्षी दाखवावा असे मला वाटते. इथे दोन्ही समाज भिंतीला भिंत लावून राहतात आणि या शहराने वाईट रात्रीही पाहिल्या आहेत. आमच्याकडेही धरण आले. जायकवाडीच्या पाण्यात कितीतरी गावे गेली, आणि त्या गावांबरोबर शेजारही गेले. कोणाला कुठे जमीन मिळाली, कोणाला कुठे. माझ्या आजोळचा शेजारी एक पिंजारी होता. आमच्या गाद्या तो पिंजायचा आणि एकादशीला आमच्या घरी आठवणीने भुईमुगाच्या शेंगा आणून द्यायचा. गाव उठले त्यानंतर तो कुठे गेला, आम्ही विचारले नाही. 'शेजारी' पाहून रडताना मला हे आठवत होते.

तरी त्या चित्रपटाशी माझे एक भांडण आहे. दोघांचा समेट मरणाच्या दारात होतो. नाथ महाराजांनी चारशे वर्षांपूर्वी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघे कडाडून भांडतात, एकमेकांच्या देवाधर्मावर तोंडसुख घेतात, आणि शेवटी जिवंतपणीच गळ्यात गळा घालतात. धरण फुटायची वाट पाहत नाहीत. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पायाशी बसून शिकलेला माणूस असे लिहू शकला, याचे मला नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की आम्ही कीर्तनकार तो संवाद फारसा म्हणत नाही.

हल्ली एक नवीनच प्रकार निघाला आहे, त्याबद्दल थोडे बोलून पुढे जातो. वारीत चहा देणारे, पाय चेपणारे, वहाणा शिवून देणारे, दाढी करून देणारे सेवेकरी पूर्वीपासून आहेत. त्यांची नावे कोणाला माहीत नसत. परवाच्या आषाढीला एका तरुणाने मला केळे दिले आणि म्हणाला, "बाबा, हात तसाच धरून ठेवा, शूटिंग नीट आले नाही." मी केळे तीनदा घेतले. त्याचा राग आला नाही, कारण केळे खरे होते आणि भूकही लागली होती. पण दुसऱ्याने पाहून रडावे म्हणून केलेली दया आणि दुसऱ्याची दया पाहून आलेले रडे, यांत अंतर आहे. 'संत तुकाराम' पाहून आजीने वहाणा काढल्या होत्या, तेव्हा तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

माझ्या त्या कीर्तनकार स्नेह्यांना मी अजून उत्तर दिलेले नाही. दिले तर एवढेच देईन की महाराज, चांगला चित्रपट लागला तर अवश्य पाहा, सूनबाई-नातवंडांबरोबर पाहा, आणि रडू आले तर येऊ द्या. फक्त बाहेर पडताना रस्त्यावर कोण उभे आहे, तेवढे बघा. तिकिटाचे पैसे तिथे फिटतात.

गुडघा बरा झाल्यावर या आषाढीला मुलाने मला गाडीने पंढरपूरला नेले. नात बरोबर होती. दर्शन मुखदर्शनच झाले, कळसाला हात जोडले आणि परतताना प्रदक्षिणा मार्गावर बांगड्यांच्या एका हातगाडीपाशी थांबलो. गाडीवर आई नव्हती, तेरा-चौदा वर्षांचा मुलगाच होता. नातीने हिरव्या बांगड्या निवडल्या. मी मनाशी पक्के ठरवून आलो होतो. हात खिशात होता, नोटा मोजून वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

"किती रे बाळा?"

"साठ, माउली."

"साठ? काही कमी कर की."

शब्द तोंडातून निघून गेले, मग मला ऐकू आले. नातीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. पोराने सवयीने पन्नास म्हटले. मी साठ पुढे केले. त्याने दहाची नोट परत केली. मी ती पुन्हा त्याच्या हातात ठेवू लागलो, तर तो म्हणाला, "राहू द्या माउली, पन्नास बोललो ना," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दहाची नोट मुठीत धरून मी तिथे जरा वेळ उभा राहिलो.